उभ्या गाड्यांचा माणूस

धावत्या गाडीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. धावती गाडी खरं बोलते, असं ते म्हणत. ती कुठं निघाली ते सगळ्यांना दिसतं. त्यांचा अविश्वास होता तो उभ्या गाडीवर. "उभी गाडी झोपत नाई मॅडम, झोपेचं सोंग घेते," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. वर्ध्याची पंख्याखालची तिकीट-खिडकी सोडून मी नुकतीच तिथं आले होते. मनात म्हटलं, झालं, आता रिटायर होईपर्यंत हेच ऐकायचं. सुदैवानं आधी रिटायर ते होणार होते. त्यांची चार वर्षं उरली होती.

स्टेशनचं नाव सांगत नाही. वर्ध्याहून बसनं पाऊण तास लागतो, आणि बस जिथं सोडते तिथून स्टेशनपर्यंत चालत जाताना दोन्ही बाजूंना कपाशी असते, एवढं पुरे. स्टेशनच्या पलीकडे आमचा मालधक्का. धक्का म्हणजे लांबच लांब फलाट, वर पत्रा, एका अंगाला रूळ आणि दुसऱ्या अंगाला ट्रक. आठवड्यातून दोन-तीनदा मालगाडी येई. कधी तांदूळ, कधी खत, कधी सिमेंट, क्वचित मीठ. इंजिन डबे सोडून निघून जाई आणि पुढचे आठ-नऊ तास ते डबे आमच्या पदरात. मी तिथली मालबाबू, म्हणजे माल लिपिक. बाई असले तरी पदाचं नाव बाबूच. आणि ते काटेवाले. त्यांचं काम एकच, उभे केलेले डबे उभेच राहतील हे पाहणं.

ऐकायला हे काम म्हणजे काहीच नाही. मलाही तसंच वाटलं होतं. डबा लोखंडाचा, रूळ लोखंडाचा, इंजिन गेलेलं. जाणार कुठं तो?

तसं मी म्हणालेही. तेव्हा त्यांनी खिशातून एक काचेची गोटी काढली, धक्क्याच्या कडेच्या घोटीव फरशीवर ठेवली आणि बाजूला उकिडवे बसले. मीही वाकले. गोटी थोडा वेळ जागेवरच होती, विचार करत असल्यासारखी. मग स्टेशनच्या दिशेनं निघाली, आधी अगदी संथ, मग जरा घाईनं, आणि दहा-बारा पावलं जाऊन एका फटीत पडली.

"डोयाले सपाट दिसते," ते म्हणाले. "पण तिले ठाऊक हाय."

गोटी फटीतून काढायला त्यांच्याकडे एक वाकवलेली तारही होती. म्हणजे माझ्याआधी किती मालबाबूंना त्यांनी ती गोटी दाखवली असेल कोण जाणे.

त्यांची एक रीत होती. इंजिन सुटलं की ते पहिल्या डब्याशी जात, हँडब्रेकचं चाक पोटाशी धरून आवळत, मग पुढच्या डब्याचं, मग त्याच्या पुढच्याचं. दोन्ही टोकांना चाकाखाली गुटके लावत. गुटका म्हणजे पाचरीच्या आकाराचा लाकडी ठोकळा. नवा ट्रकवाला आला आणि "गुटकेवाल्याला विचारा" असं कुणी सांगितलं की तो त्यांच्यापुढे हात पसरून पुडी मागे. आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला हा माणूस मग त्याच्या हातावर तीन किलोचा बाभळीचा ठोकळा ठेवी. रेल्वेचे गुटके असत, पण त्यांचा भरवसा त्यांनी स्वतः तासलेल्या बाभळीच्या गुटक्यांवर. थंडीत हमालांनी एकदा त्यांतला एक चहाच्या चुलीत घातला, तेव्हा तीन दिवस ते कुणाशी बोलले नव्हते.

गुटके लावून झाले की साखळी, कुलूप. आणि ते झालं की खरा कार्यक्रम सुरू. पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक चाकाला तळहात लावायचा, आणि तसंच दुसऱ्या बाजूनं परत यायचं. घाई नाही, बोलणं नाही. इकडे हमाल दाराशी बसून तंबाखू मळतायत, ट्रकवाले हॉर्न वाजवतायत, मुकादम माझ्यापुढे येऊन कपाळाला हात लावतोय. परत आल्यावर ते टोपी काढत, डबडबलेलं कपाळ पुसत आणि धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "बसली."

तेव्हा कुठं डब्यांची दारं उघडत.

एवढ्यावर भागत नसे. अर्धा माल उतरला की ते पुन्हा उठत. डबा हलका झाला की अंग वर घेतो, त्याच्या कमानी उसासतात, मग सकाळी आवळलेला ब्रेक दुपारी सैल पडतो, असं त्यांचं म्हणणं. आणि इंजिननं जाताना नळ्यांत सोडलेल्या हवेचा ब्रेक तर ते मोजतच नसत. "हवा हाय थे. हवा जाते. हवेवर भरोसा ठेवू नोको, लाकडावर ठेव." हे वाक्य ते मलाच नाही, चहावाल्यालाही ऐकवत. त्या बिचाऱ्याची हातगाडी होती, त्याच्याही चाकाला त्यांनी एक छोटा गुटका करून दिला होता.

आमच्या सिंदी मेघेच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा त्यांना जेवायला बोलावलं होतं. पानं वाढली आणि पाहुणे बेपत्ता. शोधायला गेले तर हे गल्लीत. आमच्या गाडीच्या चाकामागे वीट लावून झाली होती, शेजाऱ्यांच्या गाडीसाठी धोंडा शोधत होते. आमचे हे म्हणाले, "काका, गाडी गिअरमध्ये आहे." त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि धोंडा लावलाच. शेजारी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागे घेताना अडकले आणि महिनाभर आमच्याशी तुटक वागले.

पण दुपारी धक्क्यावर त्यांच्याजवळ बसण्यात एक गुंगी होती, हे मी कबूल करते. बारा-एकच्या सुमारास हमाल जेवायला गेले की सगळं थांबे. पत्र्याखालच्या उन्हाच्या पट्ट्यांत तांदळाची धूळ तरंगत राही. साळुंक्या सांडलेल्या दाण्यांवर येत आणि खाऊन सुस्त होऊन तिथंच बसत. पलीकडच्या वावरातून कुणाचा तरी रेडिओ ऐकू येई, पण गाणं कुठलं ते कळत नसे. ते धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसत, पाठीमागे डबा, आणि डोळे मिटून सांगत, ही गाडी कुठून कुठून फिरून आली. वासावरून. "इच्यात आधी कोयसा होता. त्याच्या आधी गहू. अन् एकडाव मीठ." मिठाची गाडी आली की डब्याच्या कोपऱ्यातली चिमूट ते जिभेवर ठेवत. समुद्रपूर तालुक्यातला हा माणूस, समुद्र कधी पाहिला नव्हता. "गावाच्या नावात हाय ना. मंग कायले जाऊ?" असं म्हणत. पण मीठ जिभेवर विरघळेपर्यंत ते काही बोलत नसत, आणि त्यांचा चेहरा तेव्हा फार लांब गेलेला असे.

एकदा म्हणाले, "या डब्यांले आपला ठिकाणा नसते मॅडम. कोणत्या गावात थांबन, कोणाच्या मांगं लागन, काई ठाऊक नाई. म्हून उभे राह्यले तरी यांचं मन जायाचंच राह्यते." मी हसले. ते हसले नाहीत. मग मलाही त्या रांगेकडे पाहताना ते डबे जरासे पुढे कलल्यासारखे दिसायला लागले.

पौर्णिमेला ते विहारात जात. त्या दिवशी केशरी जाकिटाखाली पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट. तसल्या कपड्यांत चाकांना हात लावत फिरत, आणि आश्चर्य म्हणजे संध्याकाळी कपडे तेवढेच पांढरे असत. वाचायला त्यांच्याकडे एकच पुस्तक होतं, रेल्वेच्या नियमांचं, पुठ्ठा निघालेलं. रोज एक पान. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आमचे स्टेशन मास्तर त्यांच्याशी नियमांवरून वाद घालायचं टाळत.

असा माणूस असला की त्याच्यामागे कहाणी हवीच, असं लोकांना वाटतं. कुणी म्हणे त्यांचा भाऊ डब्याखाली सापडला होता. कुणी म्हणे बाप. एका हमालाच्या मते, त्यांच्या हातून कुणीतरी गेलं, त्याचं हे प्रायश्चित्त. शेवटी एकदा मीच विचारलं. ते गोंधळून माझ्याकडे पाहत राहिले.

"नाई बा. कोणीच नाई मेलं."

"मग एवढं कशासाठी?"

"म्हूनच तं," ते म्हणाले, आणि उठून ब्रेक पाहायला गेले.

त्यांना अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा. तेहतीस वर्षांत त्यांनी लावलेलं एकही चाक आपल्या मनानं हललं नव्हतं. निरोपाच्या दिवशी ही गोष्ट सगळ्यांसमोर वाचली जावी, एवढी एकच इच्छा त्यांनी माझ्यापाशी बोलून दाखवली होती. शाल नको, घड्याळ नको. बोरगाव मेघेला शिक्षिका असलेली मुलगी येणार होती, तिच्या कानांवर ते पडायला हवं होतं. "तिले वाटते, बाप जिंदगीभर लाकडं ठोकत राह्यला," असं म्हणत. भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन महिने आधीच मी ते लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. 'त्यांच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकही चाक हललं नाही' ही ओळ त्यांनी तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा मी 'हललं' वर जरा जोर दिला, तो त्यांना आवडला.

आता त्या बायांबद्दल सांगायला हवं.

पोती उतरवताना तांदूळ सांडतो. डबा आणि धक्का यांच्यामधल्या फटीतून तो खाली रुळांत पडतो. तो झाडून न्यायला गावातल्या सात-आठ बाया येत. बदल्यात त्या धक्का झाडून देत, म्हणून ठेकेदार काही म्हणत नसे. नियमानं डब्याखाली कुणी जायचंच नसतं. त्यामुळे नियमाच्या लेखी त्या बाया तिथं नव्हत्याच. नियमांचं पुस्तक पाठ असलेल्या या माणसाला मात्र त्या दिसत. सकाळी "बसली" म्हणेपर्यंत तो त्यांना रुळांत पाय ठेवू देत नसे. ती हाक हमालांपेक्षा बायांसाठी होती, हे मला फार उशिरा कळलं.

बायांची पुढारी कौसल्याबाई. साठीची, काटक, तोंडाची फटकळ. "झाली का भाऊ तुमची पूजा? लावला का सगळ्या चाकांले हात?" असं ती दर खेपेला विचारी. तेही दर खेपेला "थांब" एवढंच म्हणत.

डब्याखाली कोण आहे आणि कोण बाहेर आलं, हे कळायला त्यांनी एक पद्धत बसवली होती. खाली उतरण्याआधी प्रत्येकीनं आपल्या चपला धक्क्याच्या कडेला काढून ठेवायच्या. जितके जोड कडेला, तितक्या बाया खाली. सगळ्या चपला उचलल्या गेल्या की धक्का मोकळा. मग इंजिन यायचं, जोडलं जायचं, आणि त्यानंतरच गुटके निघायचे. आधी इंजिन, मग गुटके. हा क्रम तर त्यांनी मला पाढ्यासारखा घोकायला लावला होता.

निरोपाला नऊ दिवस उरले होते. पळस फुलले होते, ऊन तापायला लागलं होतं. ते पेन्शनच्या कागदांसाठी नागपूरला गेले होते आणि दुपारच्या पॅसेंजरनं परतणार होते. त्यांच्या जागी दिवसापुरता दुसऱ्या स्टेशनवरचा एक काटेवाला आला होता, सरळ, सांगितलेलं ऐकणारा माणूस. त्या दिवशी माझ्या आईच्या डोळ्यावरची पट्टी निघणार होती, वर्ध्याच्या दवाखान्यात, पाच वाजता. पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड तुझं दिसू दे, असं ती म्हणाली होती. मला चारची बस गाठायची होती.

तीनला माल उतरून झाला. इंजिन मागच्या स्टेशनवरून निघाल्याचा फोन आला. मी धक्क्याच्या कडेला नजर टाकली. एकही चप्पल नव्हती. बाया पलीकडे झाडाखाली सुपांतला तांदूळ पाखडताना दिसत होत्या. मी बदलीच्या काटेवाल्याला म्हणाले, "गुटके काढून ठेवा, ब्रेकही सोडा. इंजिन आलंच आहे."

तो घुटमळला. "मॅडम, इंजिन लागू द्या ना."

"दहा मिनिटं वाचतील. काढा तुम्ही."

त्यानं काढले. आणि इंजिन बाहेरच्या सिग्नलपाशी अडलं.

पुढची वीस मिनिटं काहीच झालं नाही. मी टेबल आवरलं, पर्स खांद्याला लावली, धक्क्यावर येऊन उभी राहिले. वारा पडलेला, साळुंक्या गप्प. आणि मला घेरी आल्यासारखं झालं. पायाखालचा धक्काच निघाला आहे, अगदी हळू, कसलाही आवाज न करता, असं वाटलं. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. छान वाटलं. स्वप्नात वाटतं तसं. मग समोरच्या डब्याचं दार खांबाच्या मागे गेलेलं दिसलं आणि कळलं, धक्का नाही, डबे निघालेत.

मला ओरडायचं होतं.

ओरडले ते. नागपूरच्या कामासाठी घातलेल्या इस्त्रीच्या कपड्यांत, हातात कागदांची पिशवी, ते नुकतेच धक्क्याच्या टोकाशी पोचत होते. "गुटका घाल! गुटका घाल!" पिशवी टाकून ते शेवटच्या डब्यावर चढले आणि ब्रेकचं चाक पोटाशी धरून फिरवू लागले. बदलीच्या काटेवाल्यानं ढिगातला एक गुटका उचलून चाकापुढे सारला, तो रुळावरून घसरत पुढे गेला. दुसरा सारला. तो कचकन धरला गेला. लाकूड कण्हलं, डबे एकमेकांवर आदळत शेवटपर्यंत खडखडले आणि थांबले. हलले होते फार तर रुळांखालच्या आडव्या दोन स्लिपरांएवढे.

आणि मधल्या एका डब्याखालून कौसल्याबाईचा आवाज आला. "अवो, माह्यं सूप तोडलं ना रे."

ती रुळांच्या मध्ये पालथी पडली होती, म्हणून वाचली. सूप मात्र रुळावर होतं, त्याचे सरळ दोन तुकडे झाले होते. क्षणभरापूर्वी तिचा हात त्या जागी होता. काटेवाल्यानं तिला ओढून बाहेर काढलं. अंगभर तांदळाची धूळ, केस पांढरे की धुळीनं पांढरे कळू नये. ते डब्यावरून उतरून आले.

"चपला कुठी हायेत तुह्या?"

कौसल्याबाईनं कमरेला हात लावला. लुगड्याच्या ओच्यात चपलांचा जोड खोचलेला होता. पट्ट्यावरचा बाजारातला कागद अजून तसाच.

"नव्या हायेत भाऊ. कालच्या बाजारातून आणल्या. मांगच्या पंधरवड्यात माहा जोड इथूनच गेला ना कोणी घेऊन. म्हून मनलं, आता वर नाई ठेवत."

ते धक्क्याच्या कडेला, रोज चपला असत त्या जागी बसले. मग म्हणाले, "मी चपला मोजत राह्यलो. माणसं मोजाले पाह्यजे होती."

पंधरा मिनिटांनी इंजिन आलं, डबे घेऊन गेलं. मोडतोड काही नव्हती. वर कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. मुकादम म्हणाला, "कायले गाजावाजा? नऊ दिवस राह्यले तुमचे." कौसल्याबाई म्हणाली, "लिहू नोका भाऊ. आमाले येऊ नाई देणार." आणि उभ्या गाड्यांची नोंद ठेवायची वही ते ओढायला लागले तेव्हा ती मी हातानं दाबून धरली.

मी खूप बोलले. तुमची तेहतीस वर्षं, म्हणाले. तुमची ती ओळ. मुलीला काय ऐकवायचं. एक शब्द लिहिलात तर ती ओळ गेली. बोलताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि तेव्हाही आत कुठंतरी मला ठाऊक होतं की मी त्यांच्यासाठी रडत नाहीये. गुटके कुणाच्या सांगण्यावरून निघाले, हे त्याच पानावर यायचं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चार वर्षांत ते मला 'मॅडम' सोडून काही म्हणाले नव्हते.

"पोरी," ते म्हणाले, "आज नाई लिहिलं, तं उद्या माह्या जागी येणारा माणूस म्हणन, इथं तं तेहतीस सालात चाक हाललंच नाई. मंग थो गुटका कायले लावन?"

मी वहीवरचा हात काढला.

त्यांनी वेळ लिहिली, किती स्लिपर हलले ते लिहिलं, खाली बाई होती हे लिहिलं. 'गुटके इंजिन लागण्यापूर्वी काढले' असं लिहून ते थांबले. कुणी, ते लिहिलं नाही. पेन वहीत ठेवून नळावर तोंड धुवायला गेले. आपण गेल्यावर मी काय करते, हे पाहायला ते वळले नाहीत. मी पेन उचललं आणि 'माल लिपिक यांच्या सांगण्यावरून' असं लिहून सही केली. आईची पट्टी माझ्याशिवाय निघाली. तिला पहिली दिसली ती नर्स, आणि ही गोष्ट ती अजून मला ऐकवते.

चौकशी झाली. माझ्या नावावर ताशेरा आला, तो आजही आहे. बायांना बंदी झाली, ती आठ दिवस टिकली. मग धक्का इतका घाण झाला की ठेकेदारच त्यांना बोलवायला गेला. आता त्यांच्यासाठी गुटके लागलेले असतानाचा एक तास ठरवून दिला आहे, कागदावर. कौसल्याबाई मात्र त्या आठ दिवसांत त्यांच्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसली तर पदर तोंडावर ओढून घेई.

निरोपाच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "थी ओळ काढून टाका," म्हणाले. "झालं थे लिहा." मी विचारलं, सगळ्यांसमोर? मुलीसमोर? "तिच्यासाठीच तं," ते म्हणाले.

कार्यक्रम धक्क्यावरच होता. मोठे साहेब आले होते, हार होता, समोसे होते. मुलगी पहिल्या रांगेत, मोबाईल उभा धरून बापावरचं भाषण टिपत होती. हमाल पोत्यांवर बसले होते, मागे बाया उभ्या होत्या. ते खुर्चीत अवघडून, मान खाली घालून बसले होते.

मी वाचलं, "त्यांच्या नोकरीत एकदा चाक हललं. गुटके इंजिन लागण्याआधी काढले गेले होते. ते काढायला मी सांगितलं होतं."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मुलीनं मोबाईल उतरवला आणि बापाकडे पाहिलं. मला पुढची ओळ दिसत होती पण वाचवेना. तेवढ्यात मागून कौसल्याबाई म्हणाली, "खाली मी होती."

एवढंच. पण आठ दिवस न बोललेली बाई बोलली, आणि त्यांनी मान वर केली.

पुढची ओळ मी त्यांना दाखवली नव्हती. ती माझी होती. ती मी सावकाश वाचली.

"त्याला आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत एकही चाक हललेलं नाही."

ते मग कुणी सांगितलं नसताना खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मुलीकडे वळले. "नऊ दिवस," ते तिला म्हणाले, जणू तिला ऐकूच आलं नसावं. "लिहून हाय थे." आणि सगळ्यांसमोर, हार गळ्यात असताना, ते मोठ्यानं रडले. मुलगी उठून त्यांच्याजवळ गेली. मीही रडत होते, आणि या वेळी ते त्यांच्यासाठीच होतं.